मध्यांतरापर्यंतचा पिक्चर

नईम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यात दातांच्या डॉक्टरांकडे बसले होते. दाढ काढायची होती, इंजेक्शन देऊन झालं होतं आणि डावा गाल माझा राहिला नव्हता. फोन शमीमभाभींचा, सरांच्या बायकोचा. "ताई, तुमचे सर गेले," त्या म्हणाल्या. "सकाळी चहा मागितला, मी घेऊन येईपर्यंत..." मी नुसतं "हं" म्हणाले. जास्त बोलायला गेले असते तर तोंडातून लाळ गळली असती. फोन पर्समध्ये टाकला, आत जाऊन आ वासला आणि दाढ काढून घेतली. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्ही फारच धीराच्या." संध्याकाळपर्यंत गाल ताळ्यावर आला. बाकीच्या मला मात्र त्यानंतर कितीतरी आठवडे काही झालंच नाही. मी वेळेवर जेवत होते, झोपत होते, गच्चीवरच्या टाकीचा गळका नळ बदलून घेत होते. मैत्रीच्या नात्यानं जे रडायला हवं होतं ते आलं नाही, आणि न आल्याची लाजही वाटली नाही.

नईम सर मूळचे कन्नड तालुक्यातल्या पिशोरचे. शहरात येऊन त्यांनी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. मी टेलिफोन खात्यात. आमची ओळख इथल्या चित्रपट मंडळात झाली. महिन्यातून एकदा एका कॉलेजच्या सभागृहात पिक्चर दाखवायचा, नंतर त्यावर भांडायचं, असा आमचा कार्यक्रम. मी चिटणीस होते, म्हणजे पडदा भाड्यानं आणण्यापासून बिस्किटांपर्यंत सगळं माझ्या गळ्यात. सर निवड समितीवर होते आणि त्यांना कायम एकाच जातीचे पिक्चर हवे असायचे, विज्ञानाचे. पण अंतराळयानं, रोबोट, आग असले नव्हेत. ते म्हणायचे, "ताई, एक थाप माफ. एकच. बाकी सगळं खरं पाहिजे. माणूस अदृश्य होतो ही थाप मी खपवून घेतो. पण मग त्याला भूक लागती का, थंडी वाजती का, बायको त्याला शिव्या कुठल्या दिशेला बघून देती, हे सांगा ना." वर्गातही त्यांचं हेच चालायचं. गुरुत्वाकर्षण उद्यापासून अर्धं झालं समजा, मग? पोरं काहीतरी उत्तर द्यायची. बरं, मग? असं दहा वेळा मग मग करत ते पोरांना विहिरीच्या रहाटापर्यंत, आईच्या डोक्यावरच्या हंड्यापर्यंत आणायचे आणि घंटा व्हायची.

ते स्वतः विज्ञानकथाही लिहायचे. एके काळी दिवाळी अंकांत दरवर्षी त्यांची एक तरी कथा असायची. मग संपादक म्हणायला लागले, जरा छोटी करा. नंतर म्हणाले, जरा गमतीदार करा. पुढं राशिभविष्याची पानं वाढली आणि सरांच्या कथेला जागा उरली नाही. इकडे मंडळातही तीच गत. सर चार दिवस शोधून एखादा शांत, विचार करायला लावणारा पिक्चर आणायचे आणि सभागृहात पंखे जास्त, माणसं कमी. तसले पिक्चर नवीन बनायचेही बंद झाले होते, जुनेच किती वेळा दाखवणार? पिक्चर काढणारे म्हणत, चांगल्या कथाच नाहीत. लिहिणारे म्हणत, लिहून करायचं काय, कोण काढतो? सर यावर हसायचे. "दोघं एकमेकांच्या घरी जेवायला गेले, ताई, आणि दोन्ही घरी चूल बंद." मी मात्र हसत नसे. माझा स्वभाव मुळात आंबट आहे, आणि रिकाम्या खुर्च्या मोजण्याचं काम माझ्याकडे होतं.

मग सरांनी पिक्चर सांगायला सुरुवात केली. म्हणजे न निघालेले पिक्चर. पहिल्यांदा त्यांनी मला एक सांगितला तेव्हा तो त्यांनी कुठंतरी पाहिलेलाच आहे असं मी धरून चालले. एका गावातल्या विहिरीत वाकून पाहिलं की आपलं कालचं तोंड दिसतं, एवढी एक थाप, आणि त्यावर अडीच तास! कॅमेरा कुठं, गाणं का नाही, म्हातारीचं काम करणारी बाई कशी चालते, सगळं. मी इतकी भारावले की पुढच्या कार्यक्रमात तोच दाखवायचं जाहीर करून बसले. मुंबईला पत्रं घातली, पुण्याला फोन केले. कोणी नाव ऐकलेलं नाही. शेवटी सरांना गाठलं तर ते चहा ओतता ओतता म्हणाले, "तो पिक्चर नाय हो ताई कुठं. मी सांगितला तेवढाच आहे." मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही. खरी गंमत पुढं झाली. आमच्या मंडळातले एक वकील शेवटपर्यंत शपथेवर सांगत राहिले की हा पिक्चर त्यांनी लग्नाआधी गुलमंडीजवळच्या टॉकीजमध्ये पाहिलाय, आणि त्यातलं एक गाणंही ते गुणगुणायचे. त्यात गाणं नव्हतंच, हे त्यांना सांगण्याची सरांची हिंमत झाली नाही.

तीच टॉकीज पुढं पाडली तेव्हा सरांनी तिथल्या दोन खुर्च्या विकत आणल्या, एकमेकींना लोखंडानं जोडलेल्या, बसलं की खाली येणाऱ्या आणि उठलं की खाडकन वर जाणाऱ्या. भाभींनी त्यांना सोफा बघायला पाठवलं होतं. आठ दिवस त्या घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. पण शहागंजमागच्या सरांच्या दोन खोल्यांत समोरच्या भिंतीकडे तोंड करून त्या खुर्च्या बसल्या त्या बसल्याच. उजवी सरांची, डावी ऐकणाऱ्याची. मंडळ बंद पडल्यावर दर रविवारी ती माझीच झाली. भिंतीवर काही नसायचं, एक कॅलेंडर होतं तेही त्यांनी काढून टाकलं. सर त्या कोऱ्या भिंतीकडे बघत सांगायचे. अर्ध्यावर आलं की गंभीर आवाजात "मध्यांतर!" म्हणायचे, गुडघ्यावर हात टेकून उठायचे, खुर्ची खाडकन वर जायची आणि ते स्वतः चहा करायला आत जायचे. मी विचारायचे, पुढं काय? ते आतून ओरडायचे, "पुढं आलं किसतोय."

त्यांचा शेवटचा पिक्चर मी चार-पाचदा तरी ऐकला, आणि प्रत्येक वेळी मध्यांतरापर्यंतच. बिडकीनसारखं एक गाव. शेजारी औद्योगिक वसाहत झालेली, सहा पदरी रस्ते, ओळीनं दिवे आणि त्या दिव्यांखाली कोणी नाही, फक्त मेंढरं. थाप एकच. त्या गावाच्या हद्दीत दुःख उशिरा पोचतं. "तारा विझला तरी उजेड येत राहतो ना ताई, तसं," सर म्हणायचे. "माणूस जातो. पण गेला, हे आत कळायला वेळ लागतो." सुभद्रा नावाची एक धनगर बाई आहे. तिचा नवरा रस्त्यावर ट्रकखाली जातो. दुसऱ्या दिवशी ती मेंढरं चारायला नेते, भाकरी करते, भाकरी तिला गोडही लागते. गावात सगळ्यांचंच असं. हळूहळू बातमी फुटते. कारखानदारांना असं गाव आवडतं, सुतकाच्या सुट्ट्या नाहीत. शहरातून माणसं खोल्या घ्यायला येतात, कोणाचं पोर गेलंय, कोणाला बायको सोडून गेलीय. भाडी वाढतात. मग कोणी कोणाच्या दारी बसायला जाईनासं होतं, कारण जाऊन उपयोग काय? आणि एक दिवस सुभद्राला कळतं की पैठण रोडवरच्या मैलाच्या दगडापलीकडे गेलं की अडून राहिलेलं सगळं एकदम येतं. ती फाट्यावर येऊन उभी राहते. एसटी थांबते. कंडक्टर म्हणतो, "चढती का मावशे? लई येळ झाला." सुभद्रा दांडा धरते... मध्यांतर!

या पिक्चरसाठी मुंबईहून खरोखरच दोघं आले होते, एक दिग्दर्शक आणि एक पैसे घालणारा. कुणाकडून तरी कानावर गेलं असणार. सरांनी त्यांना खुर्च्यांवर बसवलं, स्वतः स्टुलावर बसून सांगितलं. मी दारात. पैसे घालणारा म्हणाला, "सर, कन्सेप्ट जबरदस्त आहे. पण हे होतं कशामुळं? उल्का पाडू या का?" दिग्दर्शक म्हणाला, कारखान्यात एक टॉवर दाखवू, त्यातून लहरी निघतात. सेकंड हाफमध्ये सुभद्राचा भाऊ टॉवर उडवतो. सर ऐकत होते. ते दोघं तासभर पुढचं सांगत राहिले, पण पुढं काय होतं हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. सरांनी त्यांना नान-खलिया खाऊ घातला आणि हात जोडून म्हणाले, "तुमचा पिक्चर तुम्ही काढा साहेब. माझा मी सांगतो." ते गेल्यावर मी चिडले. म्हटलं, एवढं आयुष्य चांगला पिक्चर निघत नाही म्हणून रडलात, आणि दारात आलेला घालवलात? सर म्हणाले, "ताई, त्यांना टॉवर पाहिजे. टॉवर पडला की गाव सुटतं. माझ्या गावात पाडायला काही नाय हो. ती बाई चढती का नाय, एवढंच आहे."

आमच्या शेवटच्या रविवारी ते पुन्हा सुभद्राचंच सांगत होते. आवाज खोल गेला होता, मधे मधे थांबायचे. एसटी आली, कंडक्टर बोलला, सुभद्रानं दांडा धरला. "मध्यांतर," ते म्हणाले, पण उठता आलं नाही. चहा भाभींनी आणला. मी म्हटलं, आता मध्यांतर पुरे, पुढचं सांगून टाका. ते हसले. "पुढच्या रविवारी. नक्की." तो रविवार आला तेव्हा मी दुखऱ्या दाढेत लवंग धरून घरी बसले होते.

त्यानंतर एकदा भाचीनं मला मॉलमध्ये नवा विज्ञानपट दाखवायला नेलं. घरात बसून राहते म्हणून. पडद्यावर दोन शहरं पडली, समुद्र उलटा झाला. नायकाची बायको मेली. तो व्हायोलिनच्या साथीनं अर्धं मिनिट रडला आणि उठून विमानात बसला. शेजारची पोरं मक्याच्या लाह्या खात होती, मीही खाल्ल्या. तिथं पहिल्यांदा मला काहीतरी टोचलं. एवढा पैसा, एवढे संगणक, आणि माझ्यासारख्या बाईला काय झालंय हे यातल्या एकालाही माहीत नाही. मी बिडकीनच्या त्या दिव्यांखाली उभी होते. माझी अवस्था सांगणारा जगात एकच पिक्चर होता आणि तोही अर्धाच. सुभद्राचं पुढं काय झालं हे कळल्याशिवाय मला हलता येणार नाही असं वाटायला लागलं. वेडेपणाच, पण वाटलं.

म्हणून सरांच्या चाळिसाव्या दिवसाला गेले ते खरं तर एक प्रश्न घेऊन. फातिहाची प्रार्थना झाली, जेवणं झाली, दुपारी माणसं पांगली. पुढच्या खोलीत भाभी आणि मी. भिंत तशीच कोरी. सरांच्या खुर्चीवर लोखंडी खलबत्ता ठेवलेला होता. माझी नजर गेलेली बघून भाभी म्हणाल्या, "वर जाती ना ती. वर गेलेली बघवत नाय." मी माझ्या खुर्चीत बसले आणि विचारलं, "भाभी, सुभद्राचं पुढं काय? तुम्हाला तरी सांगितलं असेल ना सरांनी?"

"मला कुठलं? मी आतून ऐकायची भांडी घासत. एकदा विचारलं, ती चढती का नाय शेवटी. तर म्हणाले, तिनंच अजून ठरवलं नाय, मी काय सांगू."

म्हणजे पुढचं नव्हतंच. सर त्या फाट्यावर तिच्यासोबत उभे होते, इतकंच. मला वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही.

भाभींनी खलबत्ता उचलून खाली ठेवला आणि त्या सरांच्या खुर्चीवर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना तिथं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. "तुम्हीच सांगा ना ताई," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "तुम्ही लई ऐकलंय त्यांचं."

मला कुठं सांगता येतं? मी आयुष्यभर बिस्किटं मोजली. पण म्हटलं, "सुभद्रा चढते."

"मग?"

अगदी तसंच. सरांचाच सूर. आतून भांडी घासता घासता त्यांनी तो उचलला असणार.

"मग... कंडक्टर विचारतो, कुठं जायचं. ती म्हणते, कुठंपण. फाट्याच्या पुढं."

"मग?"

"मग बस पैठण रोडला लागते. तिला खिडकी मिळते. बाहेर तिची मेंढरं दिसतात. मैलाचा दगड जवळ येतो..."

"बरं, मग?"

मला पुढचं सांगता येईना. भाभी माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "राहू द्या. मध्यांतर." गुडघ्यावर हात टेकून त्या चहा करायला उठल्या, आणि त्यांच्या मागं खुर्ची खाडकन वर गेली.

भाभी स्वयंपाकघराच्या दारात होत्या तिथंच थांबल्या. मागं वळल्या नाहीत. मी रडायला लागले, मोठ्यानं, पोरासारखं, ओठ आवरता येईनात असं. थोड्या वेळानं त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या आणि त्यांचाही आवाज यायला लागला. चहा त्या दिवशी कोणीच केला नाही.