सातव्या टेकडीचा शेरा

दगडी भिंती रचणाऱ्या ज्या गवंड्याला सारे ‘ओळंबा’ म्हणत, तो गेल्या महिन्यात वारला. त्याच्याविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही. कर्तव्य मात्र आहे.

मी पुरातन अवशेषांच्या कार्यालयात नोंदणी अधिकारी होतो. इतिहासपूर्व काळातील माणसांनी आपले मृत टेकड्यांच्या माथ्यावर पुरून त्यांवर दगडांच्या राशी रचल्या होत्या. अशा सात टेकड्यांची पाहणी माझ्याकडे होती. सहा मी चढलो. सातवीच्या पायथ्याशी गुडघा कुरकुरू लागला, तेव्हा दुर्बिणीतून पाहिले आणि सुवाच्य अक्षरांत शेरा लिहिला : ‘अलीकडचा ढीग. महत्त्व नाही.’

त्या शेऱ्याच्या आधारे, माझ्याच सहीने, ओळंब्याला मेंढवाड्याच्या भिंतीसाठी ते दगड उचलण्याची परवानगी मिळाली. चौथ्या दिवशी तो कार्यालयात आला.

“साहेब, खाली हाडं निघाली. लहान मुलाची वाटतात. हात नाही लावला, झाकून आलोय.”

माझे वरिष्ठ शेजारीच उभे होते. मी म्हणालो, “आधी विचारायची पद्धत असते.”

त्याचा हात खिशाकडे गेला. परवानगीचा कागद तेथेच होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

“चुकलं माझं.”

नोंदवहीत मी लिहिले : ‘गवंड्याच्या निष्काळजीपणामुळे हानी.’

कोणी न सांगता त्याने भिंत उकलली आणि सारे दगड पुन्हा वर नेले. दगडफूल चढलेली बाजू बाहेर, मातीचा डाग असलेली आत, असे एकेक लावण्यात नऊ आठवडे गेले. “काय ओळंबा, मुडद्यांचं घर शाकारताय का?” अशी थट्टा होई. सरकारी काम त्याला पुन्हा कधी मिळाले नाही.

तो वारल्यावर मी त्याच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा त्याच्या पत्नीने पत्र्याच्या डब्यातून तो परवानगीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

“मी म्हणायचे, दाखवा की एकदा. तर म्हणायचे, साहेबांच्या पोटावर पाय येईल. ते आपणहून सांगतील. बावीस वर्षं झाली, भाऊ.”

मी तो कागद मागून घेतला.

काल तो कागद जोडून कार्यालयात नोंदवहीतील त्या नोंदीच्या दुरुस्तीचा अर्ज दिला. खिडकीमागच्या मुलीने शिक्का उचलून विचारले, “तातडीचं आहे का, आजोबा?”