पाठच्या भावाविरुद्ध साक्ष

हे अंतर्यामी, बंद दाराआड घडलेलेही ज्याला उघड्या अंगणासारखे दिसते, त्या तुला आधी वंदन. सत्य तू प्रत्येकाच्या जिभेवर ठेवतोस. ते उच्चारण्याचे बळ मात्र मागावे लागते. ते बळ जिने मागितले, त्या गादीवाल्या आक्काची ही कथा.

आक्का बाजाराच्या टोकाला गाद्या शिवायची. आईबाप गेले तेव्हा पाठच्या भावाचे दुधाचे दातही पडले नव्हते. तिने स्वतःच्या लग्नाचा विषय मिटवला, दाभण हाती घेतले आणि त्याला पोटच्या पोरासारखे वाढवले. वडिलांचा एक दंडक होता: शेवटचा टाका झाला की दोऱ्याची गाठ कापडाच्या आत ओढून घ्यायची, झोपणाऱ्याला ती टोचता कामा नये. तो दंडक तिने धाकट्याच्या डावखुऱ्या हातात उतरवला. त्याचे टाके उलट्या अंगाला झुकत. "साऱ्या जगाशी उभा दावा मांडलाय रे तुझ्या दाभणाने!" असे म्हणून ती हसे, आणि ती गादी कौतुकाने दर्शनी भागात ठेवी.

एके दुपारी दुकानामागचे कापसाचे गोदाम पेटले. शेजारची बिऱ्हाडे होरपळली. जीव तेवढे वाचले. धाकट्याने बोट दाखवले ते त्यांच्याकडे कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याकडे. भांडण होऊन त्याला नुकतेच कामावरून काढले होते. पोलिसांनी पिंजाऱ्याच्या खोलीतली गादी मधोमध फाडली, तर आत रॉकेलचा बोळा आणि गोदामाची किल्ली! पिंजारी कोठडीत गेला. आक्कानेही कडाकडा बोटे मोडली, "खाल्ल्या घरचे वासे मोजले मेल्याने!"

खटल्यात तिची साक्ष किल्ली ओळखण्यापुरती होती. कामकाज सुरू होण्याआधी शिपायाने ती फाटकी गादी टेबलावर आणून टाकली.

"सांभाळा हो," तो म्हणाला, "वकिलांच्या भाषणात आधीच डोळे मिटतात, त्यात आता गादीची सोय झाली!"

आक्काही हसली. हसत पुढे वाकली आणि ते हसू ओठांवरच थिजले. गादीचा एक कोपरा नव्याने शिवलेला होता. टाके उलट्या अंगाला झुकलेले. तिने बोट फिरवले; गाठ हाताला लागली नाही. ती आत ओढलेली होती.

देवा, केवढा हा आघात! ज्याला जन्माच्या कोठडीत लोटायचे, त्यालाच झोपेत गाठ टोचू नये म्हणून तो हात सवयीने जपला होता! पाप करताना वळण सुटले नाही, आणि वळण असूनही पाप चुकले नाही.

सरकारी वकील कागद चाळत होते. आक्काने विचारले, "साहेब, खोटा पुरावा रचून कोणी निरपराध माणसाला अडकवलं, तर त्याला काय होतं?"

"ज्या शिक्षेत दुसऱ्याला ढकलायचं, तीच स्वतःच्या गळ्यात पडू शकते, बाई. इथं आरोप वस्ती पेटवल्याचा. म्हणजे थेट जन्मठेपेपर्यंत."

तिने धाकट्याला व्हरांड्यात गाठले. "कोपऱ्यातले टाके तुझे."

"हळू बोल, आक्का!"

"का? गोदाम जळताना हळू जळलं होतं?"

त्याने आजूबाजूला पाहिले. "मी लावली नाही गं आग. सिगारेट विझवायची राहिली. खापर माझ्यावर फुटलं असतं. त्याचं काय, एकटा जीव सदाशिव. मला दोन पोरी आहेत."

"आणि त्याची म्हातारी आई? रोज कोर्टाच्या पायरीवर बसते, ती तुला दिसली नाही?"

"किल्ली ओळख आणि खाली उतर. एवढंच कर. तू मला वाढवलंस ना?"

"वाढवलं. म्हणून तर लाज माझी आहे."

पुकारा झाला. आक्का साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि मनातल्या मनात तिने देवाकडे बळ मागितले. किल्ली तिने ओळखली. मग कोणी न विचारता गादीच्या कोपऱ्याकडे बोट केले आणि सगळे सांगितले. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली.

"बाई, कोणाविरुद्ध बोलताय, कळतंय ना?"

"कळतंय साहेब. म्हणूनच कठड्याला धरलंय."

पुन्हा तपास झाला. धाकट्याने कबुली दिली. पिंजारी सुटला, त्याच्या आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, तरी तिचा विश्वास बसेना. धाकट्यावर खटला उभा राहिला आणि अनेक वर्षांची सक्तमजुरी लागली. त्याला नेताना आक्का दाराशी उभी होती. त्याने मान वर केली नाही.

घरी भावजय तिच्याशी बोलणे टाकून बसली होती. पोरी आत्याच्या पदराला बिलगल्या, तशी भावजयीने त्यांना ओढून घेतले. आक्का भिंतीला टेकून तशीच बसली. बऱ्याच वेळाने पुढ्यात ताट आदळले.

"वन्सं, जेवून घ्या. राग गेलेला नाही माझा. जायचाही नाही इतक्यात. पण जेवून घ्या."

आक्काने पहिला घास पोरींना भरवला आणि मग तिचा बांध फुटला.

हे दयाघना, या माउलीच्या हातांना बळ दे, भावजयीच्या मनाला गारवा दे, तुरुंगातल्या त्या लेकराला पश्चात्तापाची वाट दाखव. त्या घरची चूल पेटती राहो, त्या पोरी ताठ मानेने मोठ्या होवोत, आणि आक्काला शांत झोप लागो.