कोणते मोठे?

आमच्या खोऱ्यात एक आवई आहे, की रेडिओवरून निरोप वाचणारी उरकुया एजे, म्हणजे आमची उरकुयाताई, लोकांचे सलाम गिळते, म्हणूनच एवढी गुटगुटीत झाली. साफ खोटं. गुटगुटीत ती लोण्यामुळे झाली. सलाम ती शेवटी ढकलते, एवढंच. वरच्या कुरणांवर फोन लागत नाही आणि रेडिओ खरखरतो. "गुरं बरी आहेत ना, पोरं बरी आहेत ना" यातच आवाज गेला, तर मुद्द्याचं कोण ऐकणार?

त्या सकाळी जाझगुल धापा टाकत एजेकडे आली. सासू भोवळ येऊन पडली होती, तिला नारिन शहरातल्या इस्पितळात न्यायचं होतं. घरची गाडी चालवता येत होती ती एकट्या थोरल्या दिराला, आणि तो होता कुरणावर.

"एजे, लिहा. मोठ्या भावजींना म्हणावं, आईंना बरं नाही, खाली यावं."

"कुणी? आईंनी?"

"नाही हो! मोठ्यांनी."

"कोणते मोठे? वर तंबूगणिक एक मोठा बसलाय. सगळे उतरले तर मेंढ्या काय लांडगे राखतील? नाव सांग."

जाझगुल लालबुंद झाली. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सून घेते होय! "ते... ते जोरात शिट्टी मारतात ना..."

एजेने नाव उकरलं नाही. तीही कुणाची तरी सून होती. "बरं, घोडा कसला त्यांचा?"

जाझगुलचा चेहरा उजळला. "लिहा! फाटक्या कानाचे, तपकिरी घोड्याचे मालक!"

एजेने स्वल्पविराम खोडला, 'कानाचे'चं 'कानाच्या' केलं. "नाहीतर कान तुझ्या भावजींचाच फाटायचा."

मी तिथेच चकाट्या पिटत बसले होते. जाझगुलच्या बारीक आवाजात म्हणाले, "मोठे, मधले, धाकटे, सगळे येतील बघा!"

"लाव पैज," एजे म्हणाली. "हरलीस तर आठवडाभर कुणाची नक्कल नाही."

मग तिने माइकवर सावकाश वाचलं: "फाटक्या कानाच्या तपकिरी घोड्याचे मालक, तुम्ही एकटे खाली या. आई आजारी आहे. गाडी तुम्हाला चालवायची आहे. बाकीच्यांनी मेंढ्यांपाशी थांबावं. घरच्यांचा सलाम."

ऊन कलायच्या आत तपकिरी घोडा पुलावरून आला. मागे कुणीच नव्हतं. भावजींनी आईला उचलून गाडीत निजवलं आणि गाडी नारिनकडे पिटाळली.

आठवडाभर मी माझ्याच आवाजात बोलले. फार कंटाळवाणा आवाज आहे हो!