औषध न प्यालेल्या पाच मेंढ्या

ज्येष्ठात एका सोमवारी म्हाळबा वारले. मला ते बुधवारी कळले. पठारावरून पारनेरला दूध घालायला येणाऱ्या माणसाने आमच्या जनावरांच्या दवाखान्याच्या दारात सायकल टेकवली आणि आत न येताच सांगितले, "तुमचा मेंढक्या गेला, डाक्तर. दातखीळ बसली." मी विचारले, "दवाखान्यात नेले नाही का?" तो म्हणाला, "कोन नेनार? त्यानंच नगं म्हनलं. सुई नगं, काय नगं." आणि तो पुढच्या घराकडे निघून गेला. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. म्हाळबांच्या पायात नारू होता, तो तुटला, जखम चिघळली आणि धनुर्वात झाला, एवढे स्पष्ट आहे. जे स्पष्ट नाही ते मला सोडत नाही. म्हाळबांनी नको म्हटले ते सुईला, की सुई घ्या म्हणणाऱ्या मला?

मी पशुवैद्य. चार वर्षांपूर्वी या तालुक्यात बदलून आलो तेव्हा मेंढ्या सुधारण्याची एक योजना माझ्याकडे आली. यादीत नाव असलेल्या धनगरांना दर महिन्याला जंतांचे औषध द्यायचे आणि सरकारी फार्मवरून आलेले उंच, संकरित नर द्यायचे. म्हाळबांचे नाव यादीत होते. साठीच्या आसपासचे, उंच, खांद्यावर घोंगडी, बोलताना समोरच्याकडे न बघता कळपाकडे बघणारे. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे, हा त्यांचा वर्षाचा क्रम. मुलेबाळे नव्हती. बरोबर बायको, ठकूबाई. कळप साठ-पासष्टाचा.

औषध म्हणजे हिरवट भुकटी. मी मोजून द्यायची, धनगरांनी पाण्यात कालवून पाजायची आणि पाजलेल्या मेंढीच्या कपाळाला गेरू लावायचा. म्हाळबांच्या कळपात दर वेळी सगळ्या कपाळांना गेरू असे, आणि तरी बाटलीच्या तळाशी औषध उरे; पुढच्या खेपेला मात्र ती बाटली रिकामी असे. ते कुठे जाते? यादीबाहेरच्या एखाद्या पाहुण्याच्या कळपाला देत असावेत, असा मी तर्क केला. विचारले तर म्हणत, "सांडलं आसंल." मला पुस्तकांवर विश्वास ठेवायची सवय आहे, माणसांवर नाही. त्या औषधाने दुसऱ्या दिवशी मेंढीचे मूत लाल होते, हे मी पुस्तकात वाचले होते आणि म्हाळबांना ते ठाऊक नसावे, असा माझा कयास होता. म्हणून एकदा औषध पाजल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी न सांगता त्यांच्या वाघरीपाशी, म्हणजे मेंढ्यांभोवती लावलेल्या जाळीपाशी, जाऊन बसलो. मेंढ्या उठत होत्या, मी खाली वाकून जमीन बघत होतो. ठकूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी नवऱ्याला मोठ्याने हाक मारली, "अवं, उठा! शिकल्याला मानूस सकाळच्या पारी मेंढीच्या मुताकडं बघत बसलाय. काय हरवलंय का इचारा त्यास्नी!"

पाच मेंढ्यांच्या खाली लाल नव्हते. पाचही काळ्या, अंगाने बारक्या. कपाळावर गेरू मात्र ठळक होता.

म्हाळबा चिडले नाहीत. उलट बरे झाले, आता लपवायला नको, अशा चेहऱ्याने ते खाली बसले. "त्या पाच जनी शिकल्याल्या हायत," ते म्हणाले. "त्यास्नी औषद नगं." मी म्हणालो, "मेंढ्या काय शिकतात?" त्यांनी पाचांतली एक जवळ ओढली आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने उलटून दाखवली. आत लालभडक होते. मग औषध प्यालेल्या एका मेंढीची पापणी उलटली. ती फिकट, जवळजवळ पांढरी. जंत पोटात रक्त पितात त्याचा हा हिशेब त्यांना पापणीवर वाचता येत होता. "कोकरू आसतानाच थोडं थोडं गवतातनं पोटात गेलं पायजे. मग आंग वळखायला लागतं. तुमी दर म्हैन्याला पुसून काढता, मग त्ये वळखनार कवा?" मी विचारले, सगळ्याच का शिकत नाहीत. ते म्हणाले, "सगळी पोरं साळंत जात्यात, सगळी शिकत्यात व्हय?" आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. पाचही जणी एकाच नराच्या होत्या. त्याचे नाव मुंगळ्या. काळा, ठेंगणा, कळपाच्या कडेने चालणारा.

परजीवी जंतांविरुद्ध शरीर स्वतःची तयारी करते, हे मलाही माहीत होते. त्यावर परीक्षेत उत्तरही लिहिले होते. पण जे मी छापलेल्या पानावर मान्य केले होते ते घोंगडीवर बसलेल्या माणसाच्या तोंडून मान्य करायला मी तयार नव्हतो. म्हाळबांनी दोन दिवसांनी त्या पाचांच्या लेंड्या पळसाच्या पानांत बांधून दवाखान्यात आणून दिल्या. मी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. इतर कळपांच्या काचांवर जंतांची अंडी बघावे तिथे दिसत. या पाच काचांवर ती शोधावी लागत होती. यातून मी काय निष्कर्ष काढला? लेंड्या बदलल्या आहेत. दुसऱ्या, नुकत्याच औषध पाजलेल्या मेंढ्यांच्या आणल्या आहेत. मी स्वतः जाऊन गोळा करू शकलो असतो. चार मैल चालायचे होते... मी गेलो नाही.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी सरकारी नर आले. अट अशी की ज्याला नर हवा त्याने आपले गावठी नर खच्ची करून घ्यायचे. म्हाळबा म्हणाले, मला तुमचा नर नको. मी म्हणालो, मग यादीतून नाव जाईल, औषधही मिळणार नाही. बाकीच्या मेंढ्यांना औषध लागत होते. मग त्यांनी स्वतः मुंगळ्याला धरून आणले, मांडीत दाबून धरले. मी पिशवीतून खच्ची करायचा चिमटा काढला तेव्हा त्यांनी विचारले, "त्याला कायबी हुनार न्हाई ना?" मी म्हणालो, "काही होणार नाही." वेदना थोडी होईल, जखम होणार नाही, या अर्थाने मी ते म्हणालो. त्यांनी कुठल्या अर्थाने विचारले होते हे समजून घ्यायला मी थांबलो नाही.

बाहत्तरच्या दुष्काळात अर्धा कळप गेला, मुंगळ्याही गेला. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पठार हिरवे झाले आणि त्या हिरव्या गवताबरोबर जंत आले. श्रावणात सरकारी नराची कोकरे एकामागून एक सुजली. गळ्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची, मग कोकरे खाली बसायची, ती पुन्हा उठत नसत. रस्ते वाहून गेल्याने त्या महिन्यात माझे औषध पोचले नव्हते. मी गुडघाभर चिखलातून त्यांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढ्यांच्या तळावर, पोचलो तेव्हा त्या पाच काळ्या चरत होत्या. या वेळी मी लेंड्या स्वतःच्या हाताने, मेंढीच्या मागे चालत, गरम असताना उचलल्या. काचा जवळजवळ स्वच्छ होत्या. म्हाळबांनी मला कधीच फसवले नव्हते. गेरू सोडला तर.

त्यानंतर मी वारंवार जाऊ लागलो. त्यांनी सांगितले की नुकत्या व्यालेल्या मेंढीच्या लेंड्या बघा, शिकलेली असली तरी. मी बघितल्या. अंडी एकदम वाढली होती. "तवा तिचं आंग दुधात गुतल्यालं आसतंय," ते म्हणाले. "दारावर कोन न्हाई." हे असेच घडते हे मी नंतर एका जाड पुस्तकात शोधून काढले. तिथे ते चार पाने घेऊन सांगितले होते. एकदा त्यांनी मला विचारले, त्या पाचांपासून आता वंश कसा धरायचा, नर तर राहिला नाही. मी म्हणालो, त्यांच्या कोकरांतला एखादा. ते म्हणाले, "बाप तुमचाच हाय न्हवं त्यांचा." त्यात टोमणा होता की नुसती माहिती, हे मला ठरवता आले नाही. अजूनही येत नाही.

या वैशाखात कोकणातून लवकर परतले तेव्हा ते लंगडत होते. घोट्यापाशी नारूचे तोंड फुटले होते. जंताचा बाहेर आलेला धागा त्यांनी काडीवर गुंडाळला होता, रोज थोडा थोडा ओढायचा. "चौथा हाय ह्यो," ते म्हणाले. "मेंढीचं आंग शिकतं, मंग माझं का शिकंना, डाक्तर?" मी घरी जाऊन वाचले. नारू एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असे नाही. तो वर्षभर अंगात वाढतो, तरी शरीर त्याच्याविरुद्ध तयारी करत नाही, आणि का करत नाही ते कुणाला नीट ठाऊक नाही. मी पुढच्या वेळी तसे सांगितले. ते विचार करून म्हणाले, "मंजी त्यो संशेव येऊ देत न्हाई. वरीसभर घरात ऱ्हातो आन कुत्रं भुंकत न्हाई." नारू पाण्यातून पोटात जातो, पाणी गाळून प्या, असे मी ठकूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "पानी आसंल तर गाळू."

आठवड्याने गेलो तेव्हा धागा तुटला होता आणि पाऊल सुजले होते. मी म्हणालो, आत्ता माझ्याबरोबर पारनेरला चला, धनुर्वाताची सुई घ्या, एक सुई, काही होणार नाही. म्हाळबा माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत होते. त्या दिवशी तीत चिमटा नव्हता. "मुंगळ्याच्या येळंला बी तुमी ह्येच म्हनला हुता," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मी पुन्हा सांगितले, समजावले, ठकूबाईंनाही सांगितले. त्या म्हणाल्या, "त्येंचं त्ये बघतील, सायेब." मी परत आलो. माणसांच्या डॉक्टरांना घेऊन जायचे माझ्या मनात आले होते, पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, तिसऱ्या दिवशी बैठक होती... पुढच्या बुधवारी सायकल आली.

मी स्वतःला अनेक गोष्टी सांगून बघितल्या. त्या पिढीतले पुष्कळ लोक सुईला घाबरतात. नारू तर दरवर्षी अनेकांना होतो, तुटतो, बराही होतो. त्यांनी कुणाचेही ऐकले नसते. हे सगळे खरे असेल. पण ते माझ्याकडे न बघता पिशवीकडे बघत होते, हे मी पाहिले आहे. ते माझ्यावर अविश्वास ठेवायला कुठे शिकले, हेही मला माहीत आहे. मीच एकेक मात्रा करून शिकवले होते.

दहाव्यानंतर मी वाड्यावर गेलो. ठकूबाईंनी घोंगडी टाकली, पाणी दिले. ते फडक्यातून गाळलेले होते. कळपात एक कोकरू दिसले, काळे, ठेंगणे, नर. मी विचारले, "हे कुणाचे?" त्या म्हणाल्या, "मेंढीचं." दुष्काळाच्या आधी म्हाळबांनी मुंगळ्याचा एखादा नर दुसऱ्या कळपात लपवून ठेवला असेल का, आणि हे कोकरू त्याचे असेल का, असे मला वाटले. तसे असेल तर नियमाप्रमाणे मला ते नोंदवावे लागेल. मी पुन्हा विचारले नाही. वहीही काढली नाही.

आता ठकूबाईंकडे चोवीस मेंढ्या आहेत. त्या पाचांतल्या तिघी आहेत. मी पंधरा दिवसांनी जातो. लेंड्या उचलायला त्या नाही म्हणत नाहीत. मेंढ्यांना मात्र हात लावू देत नाहीत.