कड्यावरचं हळदीकुंकू

सुनंदाताई कड्याच्या निम्म्यावर थांबल्या होत्या आणि खाली जायचं नाव घेत नव्हत्या.

"ताई, उजवा हात थोडा सैल करा. दोर आपोआप सरकेल," मी वरून ओरडले. त्यांनी वर बघितलं नाही. पाण्याच्या आवाजात माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, कुणास ठाऊक. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. खाली उभा असलेला आमचा इरफान बोलत होता, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

"मॅडम, मक्खियां आरे. बाई के पास. अभी थोडे हैं."

भीती वाटल्यावर लोक शांत होतात असं पुस्तकात वाचलंय. माझं तसं होत नाही. मला आधी घाम फुटतो, मग तोंड कोरडं पडतं आणि मगच डोकं चालायला लागतं.

माझं काम काय, ते आधी सांगते. चितेगावच्या एका कंपनीत मी क्वालिटी डिपार्टमेंटला होते. ती नोकरी सोडून संभाजीनगरमधल्या एका छोट्या ॲडव्हेंचर संस्थेत इन्स्ट्रक्टर झाले. घरच्यांनी अजून माफ केलेलं नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेत जिथं पठार एकदम तुटतं आणि कडा सुरू होतो, तिथं आम्ही लोकांना फिरवतो. पाऊस ओसरला की धबधब्याशेजारून रॅपलिंग करवतो, म्हणजे दोराला बांधून कड्यावरून खाली उतरवतो. या धबधब्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. नाव फुटलं की पुढच्याच रविवारी तिथं कुणीतरी भज्यांची कढई मांडतं.

उतरणाऱ्या माणसाला दोन दोर असतात. एक मुख्य, त्यावरून तो स्वतः उतरतो. दुसरा सेफ्टीचा. तो वर उभ्या असलेल्या माणसाच्या ताब्यात असतो. पहिल्या दोराचं काही झालं तर दुसरा धरून ठेवतो. त्या दिवशी सेफ्टी दोर रामदासकडे होता. रामदास तिथल्याच गावचा, आणि माझ्याबरोबर बरीच वर्षं काम केलेला.

आता मोहोळाबद्दल. आमचा दोर धबधब्याच्या डाव्या बाजूला, कोरड्या खडकावर होता. धबधब्याच्या पलीकडे, उजवीकडच्या कपारीखाली आग्या मोहोळ होतं. हे मोहोळ झाकलेलं नसतं. उघड्यावर पडद्यासारखं लोंबतं, आणि त्यावर माश्यांचा थर असतो. एक माशी चावली की तिच्या विषाचा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या येतात. मग माणूस पळून पळणार किती? दोरावरचा तर पळूही शकत नाही.

सकाळी मी दुर्बिणीतून बघितलं होतं. मोहोळ शांत होतं, मधे अख्खा धबधबा होता आणि वारा दरीकडे वाहत होता. मोहोळ दिसलं की परत फिरायचं ठरवलं तर आमच्या डोंगरात एकही कडा उरणार नाही. म्हणून आमचे नियम कडक असतात. सेंट नाही, डिओ नाही, वासाचं तेल नाही, धूर नाही, आरडाओरडा नाही. हा ग्रुप सिडकोतल्या बायकांचा होता, एकाच गल्लीतल्या. मंगलताई त्यांच्या पुढारी. त्यांनी माझा मेसेज सगळ्यांना वाचून दाखवला होता. एकीनं तर आज साबणसुद्धा लावला नाही, असं मला आपणहून सांगितलं. एवढे आज्ञाधारक क्लायंट मला क्वचितच मिळतात.

बाकी सगळ्या एकामागून एक उतरल्या होत्या. वर फक्त मंगलताई उरल्या होत्या, माझ्यामागे.

"ताई, खरं सांगा. कुणी काही वासाचं लावलंय का?"

"नाही हो! शपथ," त्या म्हणाल्या, आणि लगेच त्यांचा हात तोंडावर गेला. "अत्तर. हळदीकुंकवाचं."

नवरात्र चालू होतं. मी आणि रामदास दोर बांधायला कड्यावर पुढे आलो, तेव्हा या बायकांनी पठारावर बसपाशी हळदीकुंकू उरकलं होतं. हळद, कुंकू आणि मनगटाला अत्तर. सेंट लावून डोंगरात कुणी जात नाही, हे त्यांना पटलं होतं. पण हळदीकुंकवाचं अत्तर त्यांच्या लेखी सेंट नव्हतंच. तो सणाचा भाग होता, त्याला कोण नाही म्हणणार?

"सुनंदाला तर मी दोन्ही हातांना लावलं हो," मंगलताई रडायच्या बेतात होत्या. "तिचे मिस्टर गेल्यापासून ती हळदीकुंकवाला चहा करायच्या निमित्तानं आत जाऊन बसते. आज मीच हात धरून ओढली. माझी मोठी जाऊ, आक्का, नको म्हणत होती. मी ऐकलं नाही."

आक्का रॅपलिंगच्या फंदात न पडता बसमध्येच बसून होत्या.

"मॅडम, सोडू का खाली झटकन?" रामदासनं विचारलं.

"नको. खाली बाकीच्या उभ्या आहेत. माश्या हिच्यामागं जातील आणि सगळ्यांवर तुटून पडतील."

मी इरफानला सांगितलं, सगळ्यांना ओढ्याच्या वाटेनं लांब ने. पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात झटकायचे नाहीत. "हौ मॅडम," म्हणाला आणि कामाला लागला. मग मी जादाचा दोर लावला आणि स्वतः कड्यावरून खाली निघाले. दोर अडकवायच्या कडीचा स्क्रू फिरवायला गेले तर तो मला सापडेना. लाज वाटली, पण कुणी बघत नव्हतं.

सुनंदाताई वीतभर रुंद कंगोऱ्यावर पाय टेकवून, कड्याला अंग चिकटवून उभ्या होत्या. बाहीवर माश्या, हेल्मेटवर माश्या. डोळे मिटलेले.

"ताई, मी आलेय. हलू नका."

"एक चावलीय," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "मानंला."

हेच नको होतं. मी धबधब्यापलीकडे बघितलं. मोहोळावरून लाट गेली, चादर झटकावी तशी. पुन्हा एक. एक जाड, भरलेला आवाज यायला लागला. पाण्याच्या आवाजातूनही तो ऐकू येत होता. मी फार घाबरले. तो आवाज आजही कधी झोपेत येतो आणि मी उठून बसते.

सुटायची एकच जागा होती, धबधबा. माश्या पाण्याच्या धारेत शिरत नाहीत, आणि अत्तरही धुऊन निघालं असतं. पण धबधब्याखाली दोरावर लोंबकळणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट प्रकार. पाणी डोक्यावर आदळतं, श्वास घेता येत नाही. दोर अडकला तर माणूस कड्यावरच बुडतो. म्हणून तर आम्ही कोरड्या बाजूनं उतरवतो.

"ताई, आपण पाण्यात जातोय."

त्यांनी डोळे उघडले. "मला पवता येत नाय."

"पोहायचं नाही. हनुवटी छातीला घट्ट लावा. तोंडापुढं थोडी जागा राहते, तिथून श्वास घ्या. मी तुम्हाला धरलेलं असेल."

"नको हो. इथंच थांबू. जातील त्या." मग एकदम माझी बाही धरली. "माझी पोरगी बारावीला आहे. तिला दुसरं कुणीच नाय हो."

"म्हणूनच," मी म्हणाले. याहून चांगलं काही सुचलं नाही.

त्या कंगोऱ्यावर उभ्या होत्या म्हणून त्यांचा मुख्य दोर मला सोडवता आला. आता त्यांचा सगळा भार वर रामदासच्या हातात होता. माझ्या हार्नेसची, म्हणजे कमरेच्या पट्ट्यांची, आखूड दोरी मी त्यांच्या हार्नेसला अडकवली. एव्हाना माश्या माझ्या कानावर, मानेवर चावत होत्या. हात झटकायचा नाही, हे मीच सगळ्यांना शिकवते. तेव्हा ते पाळणं किती अवघड असतं, ते कळलं.

"रामदास! पाण्यात शिरलो की शिट्टी वाजवते. मग थांबू नको, सोडत राहा!"

मी खडकाला पाय रेटले आणि दोघी धारेत शिरलो.

तिथं दिवस नव्हताच. पांढरं, थंड आणि वजनदार असं काहीतरी अंगावर कोसळत होतं. मी शिट्टी फुंकली. वाजली की नाही, मलाच कळलं नाही. आम्ही लोंबकळतच होतो. खाली जात नव्हतो. सुनंदाताईंचं डोकं वर आलं, त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं. मी त्यांचं हेल्मेट धरून मान खाली दाबली. मनात आलं, मी या बाईला मारतेय. पुन्हा शिट्टी फुंकली. मग दोर हलला आणि आम्ही खाली सरकायला लागलो, पार तळाला पाय टेकेपर्यंत.

वर काय झालं ते नंतर कळलं. अत्तर मंगलताईंच्याही हाताला होतं, त्यामुळे माश्या कड्यावरही पोचल्या. रामदासच्या दोन्ही हातांत दोर. तोंडावर माश्या बसल्या तरी त्यानं दोर सोडला नाही. मंगलताईंनी आपला रेनकोट काढून त्याच्या डोक्यावर टाकला आणि त्याला कवटाळून बसल्या. "मॅडम, मला काय दिसत नव्हतं," तो मला म्हणाला, "नुसतं हाताला वजन कळत व्हतं. तेवढ्यावर सोडत गेलो."

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सगळ्यांचे काटे काढले, इंजेक्शनं दिली. सुनंदाताईंना सलाईन लावलं. त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता, पण श्वास नीट चालू होता. डॉक्टर म्हणाले, धोका टळला. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि रडले. सांगायला काय हरकत आहे?

आत गेले तर आक्का खाटेशी उभ्या होत्या. आवाज हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा.

"सकाळीच म्हणलं व्हतं, रीत मोडू नका. मोडली की असं व्हतं."

मंगलताईंनी मान खाली घातली. सुनंदाताईंनी सुजलेला हात चादरीखाली ओढून घेतला. तो हात बघितला आणि माझं डोकं सणकलं.

"आक्का, तुमच्या हाताला अत्तर आहे का?"

"हाय की."

"मंगलताईंच्या? त्या सगळ्यांच्या?"

आक्कांनी बाकीच्यांच्या हातांकडे बघितलं.

"सगळ्यांच्या हाताला होतं. बाकीच्या न थांबता उतरल्या, या थांबल्या, म्हणून सापडल्या. त्या जागी तुम्ही थांबला असतात तर तुमचं तोंड असं झालं असतं. माशी कुंकू बघत नाही."

"आम्हाला काय कळतंय बाई त्यातलं," आक्का पुटपुटल्या आणि बाहेर गेल्या.

मग सुनंदाताई बोलल्या. ओठ सुजल्यामुळे शब्द जड येत होते.

"मॅडम, मी घाबरून नव्हते थांबले."

"मग?"

"त्या कंगोऱ्यावर पाय टेकला. वर कुणी नाय, खाली कुणी जवळ नाय. म्हणलं, जरा वास घेऊ. लई दिवसांनी कुणी लावलं व्हतं." मग म्हणाल्या, "दोन्ही हातांचा घेतला."

मंगलताई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

सायंकाळी सरांचा, म्हणजे आमच्या संस्थेच्या मालकांचा फोन आला. सगळे ठीक आहेत ना, हे विचारून झाल्यावर त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"क्लायंटची चूक ना? नियम मोडला ना त्यांनी?"

"मोडला, सर. पण रिपोर्टमध्ये तसं लिहू नका."

"मग काय लिहू?"

"मोहोळाजवळ अत्तर. एवढंच."

रामदास आठवड्यात कामावर आला. तो कडा आम्ही मोहोळ असेपर्यंत बंद ठेवला. नियमांत मात्र मी एक ओळ वाढवली, आणि बायकांचा ग्रुप असला की ती दोनदा वाचून दाखवते. हळदीकुंकू करायचं तर ते कडा उतरून, मोहोळापासून लांब गेल्यावर. आणि अत्तर लावायचं तर सगळ्यांना.