न प्यालेली दारू

राजकोटच्या सोनी बाजारात चांदीचे पैंजण जोडत बसणाऱ्या नवलभाई राणपरांनी जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता. तरी यकृताला सूज आहे असं कळलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. त्यांचे बापुजी, वनमाळीदास, असेच गेले होते. डोळे पिवळे, पोट माठासारखं. म्हातारा चोरून ढोसतो, असं तेव्हा अख्ख्या गल्लीने ठरवून टाकलं होतं. दारूबंदीच्या मुलखात यकृत बिघडलं की लोकांना दुसरं कारण सुचतच नाही, आणि त्यांच्या जिभेला हाड थोडंच असतं.

शेजारच्या गाळ्यातल्या प्रभुदासने तर विचारलंच, "काय नवलभाई, बापुजींच्याच दारूच्या परमिटवर चालवताय का?" नवलभाई हसले खरे, पण त्यांना घाम फुटला होता.

डॉक्टर वसावडाबेननी त्यांना समजावून सांगितलं होतं. "दारूचा संबंध नाही, भाई. या वजनाचा आहे. यकृतात चरबी साचली की ते आतून खवट होतं, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलासारखं. मग पांढऱ्या पेशी, म्हणजे आपले पहारेकरी, धावून येतात. चोर सापडत नाही, म्हणून घरच्यांनाच बडवत सुटतात. मार लागेल तिथे वण धरतो. सगळं यकृतच वणाचं झालं, की आमच्या हातात फारसं राहत नाही." नवलभाईंचा वण अजून कोवळा होता. वजन उतरवलं तर मागे फिरता येणार होतं.

नवलभाईंनी मनावर घेतलं. श्रावण तोंडावर आला होता, त्यांनी महिनाभराचा उपास धरला. त्यांच्या आईला, समजुबांना, केवढा आनंद झाला. ऐंशीच्या घरातल्या त्या बाई स्वतः गॅसपाशी उभ्या राहिल्या. सुरणाच्या तळलेल्या चकत्या, राजगिऱ्याच्या पुऱ्या, फराळी पॅटिस, वर शेंगदाण्याच्या पाकातल्या वड्या. धान्याचा कण म्हणून नाही. नवलभाई येता-जाता बरगडीखाली चाचपत, आणि आपला उपास चालू आहे एवढ्यावर धीर धरत.

श्रावण सरला. वजन वाढलं होतं आणि सूजही. काय काय खाल्लं ते ऐकून बेननी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, हा उपास नव्हे, ही जत्रा झाली. असंच चाललं तर वण पिकायला वेळ लागायचा नाही.

नवलभाई तडक घरी आले. समजुबा अजून चकत्याच तळत होत्या.

"बा, आता हे बंद. तळणाने आणि चरबीनेच यकृत जातं म्हणे. दारू लागत नाही त्याला."

झारा कढईत तसाच राहिला. "दारू लागत नाही?"

नवलभाईंनी मान हलवली. समजुबा पाटावर बसल्या.

"देवासमोर शपथ घेतली होती रे तुझ्या बापुजींनी, दारूला शिवत नाही म्हणून. मी नाही मानली. पाप फिटावं म्हणून दर सोमवारी, एकादशीला उपास करायला लावले. नको नको म्हणायचे. तरी हेच भरवायचे मी, नवल. हेच." मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे मीच घालवलं त्यांना?"

इतके दिवस नवलभाई आपल्या जिवाला भीत होते. आईच्या तोंडाकडे बघून त्यांना त्याहून मोठं भय वाटलं.

"नाही, बा," ते म्हणाले. "बापुजी प्यायचेच. मी पाहिलं होतं माझ्या डोळ्यांनी."

समजुबांनी पदराने डोळे टिपले. नवलभाईंनी गॅस बंद केला.