काकांचं व्हेनिस

व्हेनिस पाहण्यासारखं आहे की नाही, यावर जगात सर्वांत जास्त विचार आमच्या काकांनी केला आहे, आणि तोही परळच्या चाळीतल्या गॅलरीत बसून. काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. उभं आयुष्य कापडाच्या मिलमध्ये साचा, म्हणजे माग, चालवण्यात गेलेलं. संप झाला, मिल बंद पडली ती पडलीच, आणि काकांना विचार करायला भरपूर वेळ मिळाला. पुढे त्यांची मुलगी लग्न होऊन इटलीत राहायला गेली. तिच्या घरापासून व्हेनिस जवळ. आईला घेऊन या, दोघांना होडीतून फिरवते, असं ती दर फोनला सांगायची. काकू मनाने केव्हाच होडीत जाऊन बसल्या होत्या. काका मात्र म्हणायचे, "आधी ठरवूया, जागा जाण्यासारखी आहे का."

त्यांचं ठरवणं भलतंच ऐसपैस असे. मुलीने पाठवलेलं व्हेनिसचं कॅलेंडर देवांशेजारी लावलं होतं, ते वर्ष उलटलं तरी उतरलं नाही. दारातच पाणी, तर वरात कशी निघते, पोरं क्रिकेट कुठे खेळतात, असे प्रश्न चहा पार निवेपर्यंत चालत. एकदा त्यांनी दारावर येणाऱ्या कोळणीला सांगितलं की तिथे रस्तेच नाहीत, सगळी खाडी. ती म्हणाली, "मग पाटी ठेवायची कुठं?" तेवढ्यावर व्हेनिस कितीतरी महिने मागे पडलं.

शेवटी त्यांनी गावी ग्रामदेवतेला कौल लावला. आमच्या कोकणात मोठं काम काढलं की गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या लावतो. उजवीकडची पडली की देवाचा होकार. काकांनी प्रश्नच खुबीने घातला होता: इथेच राहणं बरं असेल तर उजवा दे. देवाने डावा दिला. काकांनी खाली पडलेली पाकळी उचलून निरखून पाहिली. मग म्हणाले, "देवाची हद्द गावच्या वेशीपर्यंत. परदेशातलं त्याला कशाला विचारायचं?"

रविवारी ते काकूंना आणि मला शिवडीच्या बंदरावर घेऊन जात. भरतीचं पाणी चिखलावर हळूहळू चढत यायचं, लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ हलायची, आणि काका डोळे अर्धे मिटून गोदामांच्या जागी महाल उभे करायचे. इथे पूल, तिथे खिडकीत दिवा, खालून संथ जाणारी होडी. ऐकता ऐकता मलाही ते सगळं दिसू लागे. अशाच एका संध्याकाळी पाण्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "संप मिटला असं मला अजून कोणी येऊन सांगितलेलं नाही. उद्या मिलमधून बोलावणं आलं आणि मी तिकडे होडीत बसलेला असलो तर? माझा साचा दुसऱ्याला देतील रे."

मिलच्या आवारात तोवर काचेची इमारत चढू लागली होती. ती त्यांच्या गॅलरीतून दिसायची. मला हसू आलं नाही, फार वाईट वाटलं.

लेकीच्या ओढीने काकू पदर सावरत उठल्या. "मग तुमी हंयच रवा. चेडवाक बघूक मी एकटीच जातंय."

परतताना काका वाटभर काकूंच्या मागून चालत आले. चाळीच्या जिन्यापाशी थांबून त्यांनी मला विचारलं, "आम्ही येईपर्यंत माझ्या खोलीत राहशील? कोणी बोलवायला आलं तर सांग, येतायत म्हणून."

मी राहिलो. खरं सांगतो, दारात पाऊल वाजलं की कान टवकारायचो. दूधवाला आला, पोस्टमन आला, शेजारची मुलं चेंडू मागायला आली.

काका इटलीहून परतले ते पिशवीसुद्धा खाली न ठेवता म्हणाले, "कोणी आलं होतं?"

"आलं होतं," मी म्हटलं. "म्हणाले, घाई नाही, सावकाश या."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग खाटेवर बसून चपला काढत म्हणाले, "असं होय. मग आणखी थोडे दिवस राहिलो असतो रे. जागा जाण्यासारखी आहे."